पाच रुपयांचं नाणं हवं, चांदीचं नको

प्रति,
मा. सचिव,
आर्थिक व्यवहार विभाग, अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी : भारतीय रिझर्व्ह बँक, नागपूर

स.न.वि.वि.

मागणी आधी सांगते, कारणं मागाहून. भारतातल्या स्त्रियांनी सार्वत्रिक निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं, त्याचं स्मारक म्हणून एक नाणं काढावं. ते पाच रुपयांचं असावं. ते चलनात यावं, म्हणजे बँकेच्या काउंटरवरून, भाजीवालीच्या गल्ल्यातून, ऑटोवाल्याच्या खिशातून फिरावं. मखमली डबीतलं, वेबसाइटवर आगाऊ नोंदणी करून काही हजारांना मिळणारं चांदीचं नाणं काढायचं असेल तर तेही काढा, हौशी संग्राहक ते घेतील. पण त्याला माझ्या या अर्जाचं उत्तर समजू नका.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत रोखपाल होते. उभा जन्म नोटा आणि चिल्लर मोजण्यात गेला. त्यामुळे नाण्यांबद्दल मला जे कळतं ते पुस्तकातलं कमी आणि बोटांतलं जास्त आहे.

हे पत्र रिझर्व्ह बँकेला न लिहिता तुम्हाला का, असं इथल्या बऱ्याच जणांनी विचारलं. लोकांना वाटतं की नाणी रिझर्व्ह बँक पाडते. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार नाणं काढायचं की नाही, कितीचं काढायचं, त्यावर काय छापायचं हे सगळं केंद्र सरकार ठरवतं. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाच्या टांकसाळीत ते पडतं, आणि रिझर्व्ह बँक ते फक्त लोकांपर्यंत पोचवते. तरी नागपूरच्या कार्यालयाला मुद्दाम प्रत पाठवली आहे. त्यांच्या दारासमोरचा चौक पूर्वी रिझर्व्ह बँकेच्या नावानं ओळखला जायचा, आता त्याचं नाव संविधान चौक आहे. तिथून विधान भवन चालत जाण्याच्या अंतरावर. पैसा, घटना आणि कायदेमंडळ इतक्या जवळजवळ असलेली जागा देशात फार नसेल. तिथल्या साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं तरी माझं निम्मं पत्र त्यांना वाचून होईल.

निमित्त असं. देशातल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान २५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झालं आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत चाललं. म्हणजे २५ ऑक्टोबर २०२६ ला त्याला ७५ वर्षं होतात. ७५ हा आकडा सरकारला आवडतो, हे २०२२ मध्ये अमृत महोत्सवाची एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची नाणी आली तेव्हाच कळलं. ती नाणी चलनात आली, लोकांनी वापरली. म्हणजे मी मागते आहे ते काही जगावेगळं नाही.

आता कारणं. त्यातलं मुख्य कारण एकच आहे, पण ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या पुढाकारानं स्त्रियांचं एक शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं आणि पुरुषांच्या बरोबरीनं मताधिकार मागून आलं. १९१९ च्या कायद्यानं तो दिला नाही, नाकारलाही नाही. प्रांतांच्या कौन्सिलांनी आपापलं बघावं, असं सांगून हात झटकले. मद्रास आणि मुंबईनं १९२१ मध्ये बघितलं. आमच्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर, कौन्सिल इथलंच. इथे ते दशक सरत आल्यावर जमलं. नागपूरला घाई नसतेच म्हणा. आणि जमलं तरी किती बायकांना? मत मालमत्तेवर आणि करावर होतं, आणि घर, शेत, वाडा यांतलं काहीच बाईच्या नावावर नसायचं.

१९३५ च्या कायद्यानं त्यातून वाट काढली. लिहितावाचता येणाऱ्या बाईला मत, आणि मालमत्तेच्या जोरावर मत असलेल्या पुरुषाच्या बायकोलाही मत. अशा साधारण ६० लाख बायका यादीत आल्या. पुरुष होते सुमारे २ कोटी ९० लाख. त्या ६० लाखांतल्या अनेकींचा हक्क नवऱ्याच्या सातबाऱ्याला टाचलेला होता. अमक्याची बायको म्हणून मत.

मग घटना आली. अनुच्छेद ३२५ नं सांगितलं की धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कुणालाही मतदार यादीबाहेर ठेवता येणार नाही. ३२६ नं सांगितलं की प्रौढ असणं पुरे. तेव्हा वयाची अट २१ होती, १८ नंतर झाली. इंग्लंडमध्ये १९१८ ला मत मिळालं तेसुद्धा तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना. पुरुषांइतकं मिळायला त्यांना आणखी दहा वर्षं लागली. आपल्याकडे एका फटक्यात सगळ्यांना.

आणि मग यादी करायला माणसं दारोदार गेली. सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त होते. १७ कोटींहून जास्त मतदार, त्यात सुमारे ८ कोटी बायका. दारात आलेल्या परक्या माणसाला बायका स्वतःचं नाव सांगेनात. रामूची आई लिहा. श्यामलालची बायको लिहा. उत्तरेतल्या काही राज्यांत तर यादीची पानंच्या पानं अशी भरली. सेन यांनी सांगितलं की हे चालणार नाही, मतदाराला नाव पाहिजे. मुदत वाढवून दिली, पुन्हा माणसं पाठवली. तरीही ज्यांची नावं मिळाली नाहीत त्या सुमारे २८ लाख बायका यादीतून वगळल्या गेल्या. स्वतंत्र देशाच्या पहिल्या निवडणुकीत त्यांनी मत दिलं नाही.

मला विचाराल तर सेन यांचं बरोबर होतं. निर्दयपणाचं होतं, पण बरोबर होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अमक्याची बायको असणं ही मत मिळण्याची पात्रता होती. आता तेवढ्यावर मत मिळणार नव्हतं. कागदावर तिच्या एकटीचं नाव हवं होतं. सरकारनं एखाद्या बाईला, तेही लाखांच्या संख्येनं, 'तुझं नाव काय' असं इतक्या हट्टानं याआधी कधी विचारलं असेल असं मला वाटत नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत बऱ्याच जणींनी उत्तर दिलं.

आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो, त्यासाठी पाहुणे जमवतात, आग्रह करतात. स्वतःचं नाव घ्यायला कुणी आग्रह केलेला मी लग्नघरात पाहिला नाही. काउंटरच्या जाळीपलीकडून मात्र हे रोज व्हायचं. खातं कुणाच्या नावावर? 'यांच्याच.' तुमचं नाव काय, बाई? यावर ती आधी मागे वळून पाहायची. पासबुकावर नुसतं 'सौ.' आणि पुढे नवऱ्याचं अख्खं नाव, हेही मी पाहिलं आहे. तेव्हा त्या २८ लाखांना कुणी अडाणी म्हटलं की मला राग येतो.

तर नाणं त्यांच्यासाठी हवं. ज्या मत देऊन आल्या त्यांच्यासाठी हवंच. पण ज्यांच्यामुळे नावाशिवाय मत नाही हे या देशात एकदाचं पक्कं ठरलं, त्यांच्यासाठी आधी.

नागपूरचं म्हणाल तर इथून सांगण्यासारखं दोन गोष्टींइतकं तरी आहेच.

अनसूयाबाई काळे १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत नागपूरच्या खासदार त्याच. १९५७ मध्ये पुन्हा त्याच. म्हणजे ज्या निवडणुकीत २८ लाख बायका नावाअभावी बाहेर राहिल्या, त्याच निवडणुकीत नागपूरनं एका बाईला दिल्लीला पाठवलं. अभिमानानं सांगावं असं आहे, फक्त पुढचं वाक्य सांगावं लागू नये. अनसूयाबाईंनंतर आजवर नागपुरातून एकही स्त्री लोकसभेत गेलेली नाही. सगळ्या पक्षांनी मिळून सांभाळलेली ही परंपरा आहे, कुणा एकाला श्रेय देता येत नाही. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या, पण त्या जनगणनेला आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून. ते तुमच्या खात्याचं काम नव्हे, म्हणून इथे सोडते.

दुसरी गोष्ट २० जुलै १९४२ ची. अखिल भारतीय दलित महिला परिषद नागपुरात भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, डॉ. आंबेडकर भाषणाला होते, आणि हजारो बायका आल्या होत्या. काय मागितलं त्यांनी? घटस्फोटाचा हक्क. बहुपत्नीत्वाला बंदी. गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकांत राबणाऱ्या बायकांना भरपगारी रजा. मुलींसाठी वसतिगृहं. आणि कायदेमंडळांत आपल्या बायकांसाठी राखीव जागा. सरकार इंग्रजांचं, घटना व्हायला सात वर्षं बाकी, त्यांच्यातल्या बहुतेकींकडे मत नाही, आणि त्या कायदेमंडळातली जागा मागत होत्या. नुसतं मत मिळालं की भागेल, असा त्यांचा समज नव्हता. नागपूरनं ही परिषद जितकी आठवायला हवी तितकी आठवत नाही.

आता नाण्याकडे येते, कारण इथून पुढचं मला जास्त कळतं.

सरकारनं नाण्यावर बाई कधी आणलीच नाही असं नाही. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात समानता, विकास, शांती असं लिहिलेलं दहा पैशांचं नाणं आलं. १९८० मध्ये ग्रामीण महिलांच्या प्रगतीचं पंचवीस पैशांचं आलं, त्यावर जात्यावर दळणारी बाई होती. मला ते नाणं आवडायचं. पण प्रगतीचं चित्र काढताना जातं का सुचलं असेल, हा प्रश्न तेव्हाही पडला होता. पुढे मदर तेरेसा आल्या, राणी गायदिनल्यू आल्या, दोघी पाच रुपयांवर. अलीकडे मीराबाईंचं ५२५ रुपयांचं आलं, अहिल्याबाईंचं ३०० रुपयांचं. संत आली, राणी आली, दळणारी आली. मतपेटीपाशी उभी असलेली बाई माझ्या हातून कधी गेली नाही.

यात आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेलच. जुन्या काळी स्त्रीचं नाणं दहा पैशांचं, चार आण्यांचं असायचं, म्हणजे कुणाच्याही हातात पडायचं. ते दोन्ही ३० जून २०११ ला चलनातून गेले. आता नाणं जितकं मानाचं तितकी किंमत मोठी, आणि जितकी किंमत मोठी तितकं ते कुणाला दिसणार नाही. तीनशे रुपयांचं नाणं घेऊन कुणी इतवारीत हळद-तिखट आणायला गेलंय का?

याउलट १९९० चं डॉ. आंबेडकरांचं एक रुपयाचं नाणं घ्या. साधा रुपया. पण नागपुरात ते काउंटरवर परत यायचंच कमी. गेलं की घरात राहायचं, देवघरात, तसबिरीपाशी, लेकरांच्या गल्ल्यात. दीक्षाभूमीच्या गावात दुसरं काय होणार? विडी वळणाऱ्या बाईलासुद्धा ते फक्त एका रुपयात मिळत होतं. २०१५ मध्ये त्यांचंच १२५ रुपयांचं नाणं आलं, मोठं, देखणं. ते मी ओळखीच्यांपैकी एकाच्याच घरी पाहिलं, तेही कपाटात.

बाहेरच्या देशांतही दोन्ही रीती आहेत. अमेरिकेनं २०२० मध्ये स्त्री मताधिकाराच्या शताब्दीला चांदीचा डॉलर काढला, तो संग्राहकांचा. कॅनडानं २०१६ मध्ये साधा, चलनातला एक डॉलर काढला, त्यावर मतपेटीत मत टाकणारी बाई. ब्रिटननं २०१८ मध्ये पन्नास पेन्सचं काढलं, तेही लोकांच्या हातात गेलं. पण माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात चांगलं नाणं सरकारनं काढलेलंच नाही. ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९०३ सालची एक पेनी, वर सातवे एडवर्ड, आणि राजाच्या चेहऱ्यावर कुणीतरी हातोडीनं अक्षरं ठोकलेली : 'व्होट्स फॉर विमेन'. नाणं विद्रूप करणं हा गुन्हा होता. पण त्या बायका हिशेबी होत्या. त्यांनी सोन्याचं नाणं निवडलं नाही, पेनी निवडली. पेनी कुठेही जाते आणि इतक्या हलक्या नाण्याच्या मागे लागायला बँकेला वेळ नसतो. माझी पाच रुपयांची मागणी तिथूनच आली आहे म्हणा ना.

पाचच का, दहा का नाही? दहाचं नाणं विदर्भात चालत नाही, म्हणून. कायद्यानं चालतं. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार वैध आहेत. गोकुळपेठेतली भाजीवाली ते जाहीर पत्रक वाचत नाही. ती म्हणते, "नाही चालून राह्यलं ना बाई इकडे, नोट द्या." तिचं चुकत नाही, तिच्याकडून पुढचा घेत नाही. एका किमतीच्या नाण्यावर वर्षानुवर्षं वेगवेगळी चित्रं आली, रुपयाचं चिन्ह काहींवर होतं, काहींवर नव्हतं, आणि बाकीचं काम अफवेनं केलं. स्त्री मताधिकाराच्या नाण्याला 'खोटं आहे' म्हणून कुणी परत ढकललेलं मला बघायचं नाही. पाचाला असा आजार नाही. पाच सगळे घेतात.

चित्राबद्दल. कृपा करून भारतमाता नको. कमळ, ज्योत, पंख, उगवता सूर्य नको. शाई लावलेलं बोटही नको, ते आता प्रत्येक पोस्टरवर आणि प्रत्येक सेल्फीत आहे. कुणा एका नेत्या स्त्रीचा चेहराही मी मागत नाही, अनसूयाबाईंचासुद्धा नाही. त्यात व्यवहाराचं कारणही आहे. पाचाचं नाणं अडीच सेंटिमीटरच्या आसपासचं असतं, आणि झिजताना आधी उंचवटे जातात. दहा-पंधरा वर्षं फिरलेल्या नाण्यावर नाक आणि गाल सपाट होतात, मग कोण आहे ते वर्ष वाचूनच ओळखावं लागतं.

मला हवं आहे ते चित्र असं : दाराची चौकट, उंबऱ्याच्या आत उभी असलेली बाई, बाहेर मांडीवर वही घेऊन लिहिणारा माणूस. पदर डोक्यावर असला तरी चालेल, पण मान वर असावी, ती बोलते आहे हे कळावं. चेहरे कोरू नका, नुसत्या ठळक रेषा ठेवा, त्या टिकतात. खाली 'स्त्री मताधिकार' आणि १९५१. जागा उरली तर 'अनुच्छेद ३२६'. पुढच्या बाजूला सिंहमुद्रा असतेच. टांकसाळीतले कलाकार माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं काढतील, पण त्यांना विषय देताना 'नारीशक्ती' एवढाच शब्द देऊ नका. त्यातून पुन्हा पंखच येतील.

आमच्या शाखेतल्या एका जुन्या सहकाऱ्याला हे सगळं सांगितलं तर तो हसला. मत आणि पैसा एकाच नाण्यावर? मतदानाच्या आदल्या रात्री वाटायला बरं पडेल, म्हणाला. गमतीत म्हणाला, पण मुद्दा खरा आहे, म्हणून टाळत नाही. बायकांच्या मताला भाव आला आहे. २०२४ पासून आपल्या राज्यात लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये जमा होऊ लागले, आणि निवडणुकीत रक्कम वाढवून सांगायची चढाओढ दोन्ही बाजूंनी झाली. त्या पैशाला मी नावं ठेवणार नाही. तो काढायला येणाऱ्या बायकांना स्वतःचं खातं, स्वतःच्या नावाचं, उघडावं लागलं, आणि बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला त्याचं मोल कळतं. पण त्यांना कुणी विचारायला आलं, ते त्यांच्याकडे मत आहे म्हणून. हे सांगणारी वस्तू पैशांतच मिसळून त्यांच्या हातात गेली तर मला त्यात काहीच वावगं दिसत नाही. आणि पाच रुपयांत मत विकत घेणारा अजून जन्माला यायचा आहे. भाव केव्हाच वर गेलाय.

प्रकाशन समारंभाबद्दल शेवटची विनंती. विज्ञान भवनात पडदा बाजूला सारून, चौकटीत बसवलेलं मोठं नाणं हातात धरून फोटो काढायचे असतील तर काढा. पण त्याच सकाळी ते नेहमीच्या चिल्लरच्या थैल्यांत मिसळून शाखांना पोचलेलं असावं. गडचिरोलीला, मेळघाटात, रामटेकलाही, नुसतं नागपूर-मुंबईला नव्हे. रोखपालाला वेगळी सूचना नको, वेगळी रांग नको, 'एका व्यक्तीस दोनच' अशी पाटी नको. आणि संख्या इतकी असावी की लोकांनी हजारोंनी घरात ठेवून दिली तरी बाजारात कमी पडू नये. ती ठेवतील, हे मी १९९० च्या रुपयावरून सांगते.

अर्जाची पोच मिळावी. 'आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे' असं उत्तर देणार असाल तर तो संबंधित विभाग कोणता, तेही कळवावं. तिथेही लिहीन.

कळावे,

आपली,
एक सेवानिवृत्त रोखपाल
धरमपेठ, नागपूर